बिश्केकमधला मंगळवार

६ ऑक्टोबर २०२०. पहाटेपासून फोन थांबेना. किर्गिझस्तानात मेडिकलला आलेल्या आपल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय बघणं हे माझं काम. कोरोनामुळे बरीच मुलं घरी परतली होती. मागे राहिलेल्यांचे आई-वडील लातूर-नांदेडहून एकच विचारत होते, ‘पोरं सुखरूप आहेत ना?’

पोरं सुखरूप होती, पण राजधानी बिश्केक हादरलं होतं. रविवारच्या संसदीय निवडणुकीत १६ पक्षांपैकी फक्त ४ संसदेत पोचले, तेही बहुतेक सत्तेच्या जवळचे. मतं विकत घेतल्याचे आरोप झाले आणि सोमवारी रात्री जमाव ‘व्हाइट हाउस’मध्ये घुसला. संसद आणि राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय तिथेच.

रस्त्यावर पोलीस औषधालाही नव्हता. २०१० च्या उठावात झालेली लुटालूट लोक विसरले नव्हते. समोरचा दुकानदार बिऱ्हाड हलवावं तसा सगळा माल टेम्पोत भरत होता. त्याच्याकडून तांदूळ, बटाटे, पाण्याचे कॅन मिळतील तेवढे उचलले आणि मुलांना दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. रात्री गल्लीतली पोरंच दंडाला पट्ट्या बांधून पहाऱ्याला उभी राहिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या एजे (म्हणजे किर्गिझ भाषेत ताई) मात्र खुशीत होत्या. त्या उत्तरेतल्या इसिक-कुल प्रांतातल्या. मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांनी माझ्यापुढे धरला: तुरुंगातून सुटलेला राजकीय नेता सादिर जपारोव, भोवती गर्दी. एका अधिकाऱ्याला ओलीस धरल्याच्या प्रकरणात त्याला साडेअकरा वर्षांची शिक्षा झाली होती.

“आमच्या डोंगरातलं सोनं परदेशी कंपनी नेते आणि माझा मुलगा मॉस्कोत झाडू मारतो. हे बोलला म्हणून सादिरला आत टाकलं,” एजे म्हणाल्या.

कुमतोरची खाण त्यांच्याच भागातली, तेव्हा कॅनडाच्या कंपनीकडे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जीनबेकोव दक्षिणेतल्या ओशकडचे. एजेंचा जावईही तिकडचाच. त्याचा फोन आला तेव्हा दोघांचं असं जुंपलं, की मध्येच फोन कट झाला.

१५ ऑक्टोबरला जीनबेकोवनी राजीनामा दिला. जानेवारीत जपारोव सुमारे ७९ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, पण मतदानाला निम्मे लोकही आले नव्हते. मे २०२१ मध्ये सरकारने कुमतोरचा ताबा घेतला. त्या दिवशी एजेंनी घरून बोरसोक (कणकेचे तळलेले तुकडे) तळून आणले, मजल्या-मजल्यावर वाटले.

मीही खाल्ले, आणि मनातलं बोललोही. खाणीबद्दलचा तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण त्या रागावर स्वार होऊन जपारोवने नवी घटना आणली, संसदेच्या जागा १२० वरून ९० केल्या, सगळे अधिकार स्वतःकडे ओढले. हे मला धोक्याचं वाटतं.

एजेंनी डबा बंद केला. “त्या १२० जणांपैकी एक तरी कधी आमच्या गावात आला होता का?”