व्हीटी२२० वर फ्रेंच मजकूर उमटवताना: माझा अनुभव

डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या कंपनीचं १९८३ सालचं व्हीटी२२० टर्मिनल, म्हणजे दुसऱ्या संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, मी नल-मोडेम केबलने (दोन उपकरणं थेट जोडणारी सिरियल केबल) लिनक्सला जोडलं. इंग्रजी लगेच दिसलं, ॲक्सेंटवाली फ्रेंच अक्षरं मात्र बिघडली. ती कशी बिघडतात यावरून दोष नेमका ओळखता येतो. म्हणून आधी लॅटिन-१ मध्ये (प्रत्येक अक्षराला एकच बाइट देणारी पश्चिम युरोपीय भाषांची संकेतपद्धत, म्हणजेच आयएसओ-८८५९-१) साठवलेला एकच शब्द पाठवला: ‘कॅफे’, शेवटच्या ‘ई’वर तिरकी रेघ.

त्या ‘ई’च्या जागी ‘आय’ आला. म्हणजे आठवा बिट वाटेत गळतोय. या अक्षराचा क्रमांक २३३. त्यातून आठव्या बिटाचे १२८ गेले की १०५, म्हणजेच ‘आय’. एफ३ दाबून सेट-अप उघडलं. कम्युनिकेशन्समध्ये आठ बिट, नो पॅरिटी (तपासणीचा जादा बिट नाही). जनरलमध्ये व्हीटी२०० मोड आणि मल्टिनॅशनल (डेकचा स्वतःचा अक्षरसंच, लॅटिन-१शी बराचसा जुळणारा). तिथलं ‘७ बिट कंट्रोल्स’ तसंच राहू द्यावं: टर्मिनल स्वतः कंट्रोल कोड (अक्षर न दाखवता आदेश देणारे संकेत) कसे पाठवतं एवढंच ते ठरवतं. मग सेव्ह. लिनक्सच्या पोर्टलाही ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी बंद आणि ‘आयस्ट्रिप’ (येणाऱ्या बाइटचा आठवा बिट काढून टाकणारी सेटिंग) बंद.

कॅफे नीट दिसला. पण नेहमीचे प्रोग्राम चालवले तर त्याच ‘ई’च्या जागी दोन चिन्हं: टिल्डवाला ‘ए’ आणि कॉपीराइटची खूण. हा यूटीएफ-८, म्हणजे अशा अक्षरांना एकाहून जास्त बाइट देणारी संकेतपद्धत. प्रोग्राम १९५ आणि १६९ असे दोन बाइट पाठवतात, टर्मिनल प्रत्येकाला वेगळं अक्षर मानतं. खरा घोळ १२८ ते १५९ या बाइटांचा, कारण टर्मिनलला ते कंट्रोल कोड वाटतात. टोपीवाल्या मोठ्या ‘यू’चा दुसरा बाइट १५५, तो आला की पुढची अक्षरं आदेश समजून गिळली जातात. उलट्या रेघेच्या मोठ्या ‘ई’चा १३६ तर आहे त्या कॉलमवर गुपचूप टॅब-स्टॉप (टॅब दिल्यावर कर्सर थांबण्याची जागा) बसवतो. नंतर तक्ते वाकडे दिसतात आणि कारण शोधण्यात वेळ जातो.

साध्या प्रोग्रामांना फ्रेंच आयएसओ-८८५९-१ लोकेल (भाषा आणि संकेतपद्धत ठरवणारी सेटिंग) पुरतं. यूटीएफ-८ शिवाय अडणाऱ्यांसाठी त्याच लोकेलमध्ये ग्नू स्क्रीन (एकाच टर्मिनलवर अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) सुरू करायचा आणि आतल्या खिडक्या यूटीएफ-८ ठेवायच्या. मधलं रूपांतर तो करतो. ल्युइट हा रूपांतर करणारा दुसरा प्रोग्राम इथे उपयोगी नाही, त्याची दिशा उलटी: तो जुन्या पद्धतीचे प्रोग्राम यूटीएफ-८ टर्मिनलवर चालवतो.

एक फट उरते. ‘ओ’ला चिकटलेला ‘ई’ लॅटिन-१ मध्ये नाहीच. डेकच्या संचात मात्र तो २४७ वर आहे, आणि लॅटिन-१ मध्ये तिथे भागाकाराचं चिन्ह. म्हणून फाइल पाठवण्याआधी भागाकाराच्या जागी तिरकी रेघ घालतो आणि जोडअक्षरासाठी थेट २४७ पाठवतो.