हॉगार्थचं 'नून': तिसरी प्लेट, आणि पुन्हा तीच चूक

अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थ, त्याच्या 'फोर टाइम्स ऑफ द डे' (१७३८) या चार छापचित्रांच्या संचातलं 'नून' (दुपार) घेऊन बसलोय. अख्खं नाही, फक्त रडणाऱ्या पोराचा कोपरा आणि वरची पाटी. पोस्टकार्डाएवढी ॲक्रिलिक शीट, ड्रायपॉइंटची (प्लेटवर थेट ओरखडून छापचित्र काढायची) सुई, प्रेसच्या जागी पास्ता मशीन.

जागा लंडनच्या सोहोमधली हॉग लेन. पोरगा भाजलेला पाय (इंग्रजीतला pie, खायचा, चालायचा नव्हे) घेऊन निघालाय. हात दुखले म्हणून थाळी खांबावर टेकवली आणि ती फुटली. तो डोकं खाजवत भोकाड पसरतोय, आणि खाली फाटक्या कपड्यातली मुलगी सांडलेलं उचलून तोंडात कोंबतेय. वर खिडकीतून एक बाई जेवणच बाहेर भिरकावतेय. दोन प्लेटा खर्ची पडल्यावर कळलं, खरी गंमत पोराच्या रडण्यात नाहीच. ती मुलगी रेखाटली नाही, तर नुसती थाळी फुटल्याचं चित्र उरतं.

तिचाच चेहरा मात्र हुकतोय. ड्रायपॉइंटमध्ये रेघेच्या कडेला बर (burr, म्हणजे खरवडून वर आलेली खरखरीत कड) उठतो, त्यात शाई अडकते आणि रेघ लोकरीसारखी फुलते. बटणाएवढ्या चेहऱ्यात सात-आठ रेघा जवळजवळ आल्या की काळा डाग. मूळ काम तांब्यावरचं, एचिंग (ॲसिडने खोदलेल्या रेघा) आणि कोरीव रेघांचं, म्हणून तिथे गाल, भरलेलं तोंड, सगळं सुटं दिसतं. (चारांपैकी 'ईव्हनिंग' बर्नार्ड बॅरनने कोरलं, हे हॉगार्थने स्वतः.) तिसऱ्या प्लेटवर चेहऱ्याला फक्त चार रेघा दिल्या आणि बर ब्लेडने अलगद खरवडला. आता निदान ती खातेय हे कळतं.

शाई पुसली, ओलसर कागद लावला, मशीन फिरवलं, कागद उचलला. छान! मग नजर पाटीवर गेली. थाळीतलं मुंडकं आणि त्याखालचं 'गुड ईटिंग' चक्क आरशातल्यासारखं उलटं छापलेलं. शीट पारदर्शक, खाली सरळ प्रिंटआउट ठेवून गिरवलं, आणि छापताना डावं-उजवं उलटतंच, मग दुसरं काय होणार? पहिल्या प्लेटलाही हेच केलं होतं. घरच्यांना दाखवलं तर आई म्हणाली, "पोरगा बरा आलाय, पाटी कुठल्या भाषेतली आहे?"

चौथीसाठी स्कॅन आधीच आरशासारखा फिरवून छापून ठेवलाय, वर लाल पेनने 'उलटा' लिहून. त्यानंतर याच संचातल्या 'नाइट'मधली उलटलेली सॉल्झबरी फ्लाइंग कोच, म्हणजे प्रवासी घोडागाडी. तिच्या चाकांचे आरे ड्रायपॉइंटमध्ये किती बारीक जमतील, ते आधी वाया गेलेल्या प्लेटच्या मागच्या बाजूवर काढून बघणार आहे.