एजफील्डची अकरा नावं

कराडला आमच्याकडे पाहुणा आला की संध्याकाळी त्याला प्रीतिसंगमावर न्यायचं, हे ठरलेलं. कृष्णा-कोयनेचं पाणी बघायचं, यशवंतरावांच्या समाधीला हात जोडायचे, येताना भेळ. राजकारणी माणसाची शेवटची जागा म्हणजे अशी, गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक असलेली, असं डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की लेकीचा शाळेचा प्रकल्प मी एका शनिवारात संपवणार होते. त्याला अडीच महिने लागले.

आम्ही नॉर्थ ऑगस्टाला राहतो. सव्हाना नदीच्या पलीकडे जॉर्जिया, अलीकडे साउथ कॅरोलायना. इथे आठवीला राज्याचा इतिहास असतो. लेकीच्या वाट्याला शेजारची एजफील्ड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) आली: तिथल्या राजकारण्यांची थडगी शोधा, फोटो काढा, नकाशावर दाखवा. एजफील्डला हे लोक ‘दहा गव्हर्नरांचं घर’ म्हणतात. पीचच्या बागा, मातीची भांडी आणि चौकात रंगवलेले टर्कीचे पुतळे असलेलं एवढंसं गाव, आणि गव्हर्नर दहा! सिनेटर आणि काँग्रेसवाले, म्हणजे इथले खासदार, वेगळेच. आम्ही त्यातली अकरा नावं निवडली. वहीत रकाने आखले: नाव, पद, मृत्यू, सिमेट्री, काउंटी. ‘काउंटी’ हा रकाना उगाचच आखला असं तेव्हा वाटलं होतं.

सुरुवात सोपी झाली. एजफील्ड गावातल्या बॅप्टिस्ट चर्चच्या मागे विलो ब्रूक सिमेट्री आहे. अकरातले सहा जण तिथेच. गाडी लावली, कुलूप नाही, तिकीट नाही, विचारणारं कोणी नाही. फक्त एक म्हातारे गृहस्थ पानं गोळा करत होते. आमच्याकडे बघून त्यांनी हॅट वर केली आणि विचारलं, “तुमची माणसं आहेत का इथे?” इथल्या खेड्यांत हा प्रश्न अगदी आपल्यासारखाच विचारतात, ‘माणसं’ म्हणजे आपली माणसं. मी नाही म्हटलं, शाळेचा अभ्यास सांगितला. त्यांनी लगेच काठी करून दाखवलं, थर्मंड तिकडे, ब्रूक्स तिकडे.

प्रेस्टन ब्रूक्स हा खासदार लेकीला आधीच माहीत होता, कारण त्याचं चित्र तिच्या पुस्तकात आहे. मे १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स समनर या सिनेटरने गुलामगिरीविरुद्ध मोठं भाषण केलं आणि त्यात साउथ कॅरोलायनाच्या अँड्र्यू बटलर या सिनेटरची खिल्ली उडवली. बटलर ब्रूक्सच्या नात्यातला. दोन दिवसांनी, २२ मेला, ब्रूक्स सिनेटच्या सभागृहात गेला आणि बाकावर लिहीत बसलेल्या समनरला त्याने छडीने झोडपलं, छडी मोडली तरी थांबला नाही. शिक्षा काय, तर ३०० डॉलर दंड. त्याने राजीनामा दिला, पुन्हा निवडून आला, लोकांनी त्याला नव्या छड्या भेट पाठवल्या. जानेवारी १८५७ मध्ये घशाच्या आजाराने गेला, वय ३७. दगडावर त्याच्या मर्दुमकीचं आणि देशभक्तीचं कौतुक कोरलेलं आहे. लेकीने सगळं वाचून विचारलं, “छडीचं कुठे लिहिलंय?”

मग दगड कसा वाचायचा हे शिकावं लागलं. जुना संगमरवर पाऊस आणि शेवाळ खाऊन असा गुळगुळीत होतो की भर दुपारी समोर उभं राहिलं तरी अक्षर लागत नाही. मी घरून खडू नेला होता, कराडच्या शाळेच्या फळ्याच्या सवयीने. पानंवाल्या आजोबांनी लांबूनच हात हलवून नको नको केलं. खडू फासायचा नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही, शेव्हिंग क्रीम तर मुळीच नाही; दगड त्याने आणखी झिजतो. त्यांनी सांगितलेला उपाय साधा: सकाळी लवकर या, किंवा आरसा आणा. आरशाने ऊन आडवं पाडलं की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि नाव वर येतं. पुढच्या खेपेला मी ड्रेसिंग टेबलचा छोटा आरसा घेऊन गेले. खरंच, जादूसारखं दिसतं.

तिथेच फ्रान्सिस पिकन्स. फोर्ट सम्टर किल्ल्यावर १८६१ मध्ये तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेतली यादवी सुरू झाली, तेव्हा हा गव्हर्नर होता. त्याआधी रशियात अमेरिकेचा राजदूत. त्याची बायको ल्यूसी हिचा चेहरा बंडखोर राज्यांच्या १०० डॉलरच्या नोटेवर छापला होता. त्याचा जावई मॅथ्यू बटलर, लढाईत पाऊल गमावलेला सेनापती आणि नंतर सिनेटर, तोही त्याच आवारात. शेपर्ड आणि एव्हन्स हे दोन गव्हर्नरही तिथेच. नाती जुळवता जुळवता लेक म्हणाली, हे तर आपल्याकडच्या साखर कारखान्यांसारखं आहे. (हे तिला कोणी शिकवलं, ते तिच्या बाबांना विचारायला हवं.)

स्ट्रॉम थर्मंड यादीतला सगळ्यात अलीकडचा. १९०२ मध्ये एजफील्डला जन्म, २००३ मध्ये एजफील्डलाच मृत्यू, शंभरी गाठून. १९४८ मध्ये वंशभेद टिकवण्यासाठी वेगळा पक्ष काढून राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, चार राज्यं जिंकला. १९५७ मध्ये नागरी हक्कांचा कायदा अडवायला सिनेटमध्ये २४ तास १८ मिनिटं एकटा बोलला. गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे.

सहा नावांवर खूण झाली, आणि तिथून गाडी अडली.

सातवा बेन टिलमन, ‘पिचफोर्क बेन’. गव्हर्नर, मग १९१८ पर्यंत सिनेटर. १८७६ मध्ये हॅम्बर्गला काळ्या मिलिशियातल्या (नागरिकांच्या सैनिकी दलातल्या) लोकांना पकडून मारलं, त्या टोळीत आपण होतो हे तो पुढे भाषणांतून मिरवायचा. हॅम्बर्ग म्हणजे आजच्या आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटं. आमच्या गावातल्या बागेत १९१६ चा एक उंच स्तंभ आहे, तो त्या दिवशी मेलेल्या एकमेव गोऱ्या माणसाचा. मारल्या गेलेल्या काळ्या माणसांच्या नावांचा दगड बसायला २०१६ उजाडलं. आणि याच टिलमनच्या नावाने १९०७ चा एक कायदाही आहे, कंपन्यांनी निवडणुकीला पैसे द्यायचे नाहीत असा. असो. टिलमन ट्रेंटनच्या एबनेझर सिमेट्रीत आहे, मिळाला.

अडचण झाली ती बटलरची. ज्याच्या खिल्लीवरून छडी चालली तो अँड्र्यू बटलर, आणि त्याचा भाऊ पिअर्स, गव्हर्नर, १८४७ मध्ये मेक्सिकोच्या लढाईत पडलेला. जुन्या नोंदींत गाव लिहिलेलं: एजफील्ड. एका सरकारी कार्यालयात मी तीनदा गेले. पहिल्यांदा सांगितलं, आमच्याकडे सिमेटऱ्यांची यादी नसते. दुसऱ्यांदा एक यादी मिळाली, तीत बटलर नाही. तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाईंनी मला एका चर्चचा पत्ता दिला. तिथे बटलर होते, पण भलतेच, विसाव्या शतकातले.

सुटका झाली ती टॉम्पकिन्स लायब्ररीत. एजफील्डच्या चौकाजवळ जुन्या जिल्ह्याच्या वंशावळीचं काम करणाऱ्या लोकांची ही लायब्ररी. तिथल्या एका वयस्कर बाईंनी माझी वही बघितली आणि हसल्या. “हनी, तू आजच्या एजफील्डमध्ये शोधते आहेस. ते लोक तेव्हाच्या एजफील्डमध्ये मेले.” मग त्यांनी नकाशा पसरला. १७८५ मध्ये काउंटी झाली तेव्हा ती केवढी थोरली होती! १८७१ मध्ये तिच्यातून एकन काउंटीला तुकडा गेला, १८९५ मध्ये सलूडा, १८९७ मध्ये ग्रीनवूड, १९१६ मध्ये मॅकॉर्मिक. म्हणजे थडगी हलली नाहीत, खालची काउंटी सरकली. साताऱ्यातून सांगली वेगळी निघाली तेव्हा कोण कुठला झाला, हा घोळ आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेला होता, पण मेलेल्यांनाही तो लागू पडतो हे डोक्यात आलं नव्हतं. बटलर सलूडात निघाले. ‘कापूस हाच राजा’ असं सिनेटमध्ये म्हणणारा जेम्स हॅमंड एकन काउंटीतल्या बीच आयलंडला. वहीतला काउंटीचा रकाना आता सगळ्यात खाडाखोड असलेला.

त्याच बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या, ज्या कोणाला असं काम करायचं असेल त्यांनी लक्षात ठेवाव्यात. एक, १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या लोकांनी हिंडून थडग्यांवरचे मजकूर उतरवून ठेवलेले आहेत. आज झिजलेला दगड तिथे वाचायला मिळतो. दोन, शेतातल्या घराण्याच्या दफनभूमीत सरळ घुसायचं नाही. या राज्यात कायदा आहे की जमीन खासगी असली तरी मृताचे नातेवाईक, वंशज, जवळचे मित्र आणि वंशावळ शोधणारे यांना मालकाने वाजवी वाट द्यायची, पण ती आधी लेखी मागायची. आम्ही यातले कोणीच नव्हतो. तरी वाटेत एका जमीनमालकाला पत्र टाकलं, लेकीच्या अक्षरात. आठवड्याने फोन आला: शिकार संपू दे, जानेवारीत या, आणि बूट घाला.

बूट का, ते कळलं. मी एका मऊ मातीच्या उंचवट्यावर पाय ठेवला आणि लाल मुंग्यांनी घोट्यापर्यंत चढाई केली. पुढे चार दिवस पाण्याने भरलेले फोड. मालकाने मात्र मनापासून हिंडवलं. जमिनीवर वेलीची गर्द हिरवी चादर आणि भोवती देवदारासारखी सीडरची झाडं दिसली की तिथे जुनी दफनभूमी समजायची. मग थोड्या अंतरावर त्याने बोट दाखवलं: ओळीने खोलगट खड्डे, डोक्याशी नुसता शेतातला धोंडा, सगळे पूर्व-पश्चिम. नाव नाही, साल नाही. “ही त्यांच्या गुलामांची,” तो म्हणाला, आणि टोपी काढली.

तिथून परतताना लेकीने यादीत दोन नावं वाढवली. लॉरेन्स केन आणि पॅरिस सिमकिन्स. दोघे गुलामगिरीत जन्मले. सिमकिन्स न्हावी होता. यादवीनंतर दोघे एजफील्डमधून राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले, आणि काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडं होतं त्या चार वर्षांत राज्याच्या विद्यापीठात कायदा शिकले. दहा गव्हर्नरांच्या गावाचे हेही राजकारणीच की. मला हे सुचलं नव्हतं, याची थोडी लाज वाटली.

उरला मिलेज बोनम. ब्रूक्स गेल्यावर काँग्रेसमधली त्याची जागा यालाच मिळाली, पुढे गव्हर्नर. तो कोलंबियाच्या एल्मवूड सिमेट्रीत. मोठी झाडं, कमानी, छान राखलेलं आवार. फोटो काढला आणि निघणार, तर त्याला लागूनच दुसरी सिमेट्री दिसली. रँडॉल्फ. बेंजामिन रँडॉल्फ हा राज्याचा काळा सिनेटर. १८६८ मध्ये प्रचाराला गेला असताना हॉजेस स्टेशनवर भर दिवसा गोळ्या घालून मारला. त्याच्या नावाने काळ्या पुढाऱ्यांनी १८७१ मध्ये ही जागा उभी केली. त्या काळचे अनेक काळे आमदार इथे आहेत. आम्ही विल्यम बेव्हर्ली नॅशच्या दगडावर आरसा धरला. हॉटेलात हमाली केलेला माणूस, राज्याचा सिनेटर.

जाताना विधानभवनाच्या आवारात थांबलो. थर्मंडच्या स्मारकावर मुलांची संख्या कोरलेली आहे. त्यात ‘चार’चं ‘पाच’ केलेलं बोटाला लागतं. २००३ मध्ये तो वारल्यावर एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स यांनी सांगितलं की आपण त्याची मुलगी. आई त्याच्या घरची काळी मोलकरीण. दुसऱ्या वर्षी त्यांचं नाव तिथे कोरलं गेलं. लेकीने वाकून बराच वेळ बोट फिरवलं, आणि फोटो एकच काढला, त्या आकड्याचा.

प्रकल्प दिला. केन आणि सिमकिन्स यांच्यापुढचा सिमेट्रीचा रकाना पेन्सिलने लिहायचा ठेवलाय. लायब्ररीतल्या बाईंनी दोन चर्चची नावं दिली आहेत, पत्रं लेक लिहिणार आहे. शिकार संपली की जाऊ. यावेळी घरच्या चौघांसाठी गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले आहेत.