वर्क फ्रॉम होम आणि वाहतूक भत्त्याची वसुली: माझा अनुभव

जुलै २०२० च्या पे स्लिपवर वसुलीच्या रकान्यात ८,४२४ रुपये दिसले. लॉकडाऊनमधल्या एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचा वाहतूक भत्ता कापला होता. मी केंद्र सरकारी नोकरीत, वेतनश्रेणीच्या लेव्हल ६ ला. पुण्यात आमचा भत्ता ३,६०० आणि त्यावर तेव्हाचा १७ टक्के महागाई भत्ता, म्हणजे महिन्याला ४,२१२.

आस्थापनेतल्या साहेबांनी कारण सांगितलं: अख्खा कॅलेंडर महिना ऑफिसला आला नाहीत, तर हा भत्ता नाही. नियमात शब्द रजेचा आहे आणि मी रजेवर नव्हते, रोज घरून फायली काढत होते. तरीही एप्रिलचं मला पटलं. गेलेच नाही, तर जाण्यायेण्याचे पैसे कसले मागायचे? घरभाडे भत्त्याला मात्र धक्का नव्हता. मुख्यालय पुणेच होतं.

पण मे महिन्यात रोस्टरप्रमाणे (कोणी कोणत्या दिवशी ऑफिसला यायचं त्या यादीप्रमाणे) मी दोन दिवस हडपसरहून शिवाजीनगरला गेले होते. पीएमपीच्या बस बंद, म्हणून स्कूटीवर. त्या पेट्रोलचं बिल आधी दिलं होतं, तर ते परत आलं. शेरा होता, ‘घर ते कार्यालय हा दौरा नव्हे, त्यासाठी वाहतूक भत्ता आहे.’ अगदी बरोबर! मग तोच भत्ता कापता कसा?

अडचण पुराव्याची होती. बायोमेट्रिक मार्चपासून बंद आणि हजेरीपटावर त्या दिवसांची सही राहिलेली. शेवटी गेटवरच्या मामांना विचारलं. त्यांनी कपाटातून तापमानाची वही काढली. सॅनिटायझरचे डाग पडून शाई पसरली होती, पण १२ मे, माझं नाव, वेळ ९.४० आणि ९७.४ हा आकडा स्वच्छ वाचता येत होता. मला अक्षरशः भरून आलं.

वहीच्या त्या पानांची झेरॉक्स, रोस्टरचा कार्यालयीन आदेश आणि परत आलेल्या बिलावरचा शेरा, असं सगळं जोडून सेक्शन ऑफिसरांमार्फत डीडीओंकडे, म्हणजे पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज केला. आवक क्रमांक लिहून घेतला. तो नक्की घ्या, कारण माझा अर्ज एकदा टेबलावरून गहाळ झाला आणि त्या नंबरावरच सापडला.

सप्टेंबरच्या पगारात मे चे ४,२१२ परत जमा झाले. वहीच्या त्याच पानावर आमच्या सेक्शनमधल्या आणखी दोघींची नावं होती. त्यांचेही अर्ज मी लिहून दिले.