अठरा इंची खणात सिंक: किचनची नोंद, भाग ३

मागच्या भागात ओट्याखालचे प्लायचे डबे बसवून झाले होते, फक्त कोपऱ्यातला खण उरला होता. त्याच्या एका बाजूला १४.२ किलोचं सिलिंडर आणि दुसऱ्या बाजूला बीम उतरलेला. लालबागच्या २२५ फुटांच्या घरात यापुढे सरकायला जागा नाही. खण बाहेरून १८ इंच. दोन्ही बाजूंचा १८ मिमी मरीन प्लाय वजा केला की आत उरतात ४२१ मिमी, म्हणजे साधारण साडेसोळा इंच. यात सिंक बसवायचं.

मला हवं होतं ओट्याच्या खालून चिकटवायचं सिंक. वर काठ नसतो, फडका फिरवला की पाणी सरळ आत. दिसायलाही झकास. पण त्याची कड दगडाखाली असते, म्हणजे कडेसकट अख्खं सिंक साडेसोळात मावायला हवं. दोन्हीकडून इंच-इंच कड गेली की बाउल उरतो साडेचौदाचा. वरून बसवायच्या सिंकचा काठ मात्र ग्रॅनाइटवर टेकतो. काठ १८ इंच असो नाहीतर २०, खणात उतरतो फक्त बाउल. लहान खणात हा दीड-दोन इंचांचा फरक फार मोठा. दोन रात्री स्वतःशी वाद घातला आणि शोभेला हरवलं. ठरलं वरून बसवायचं: १८ बाय १६ चा काठ, १६ बाय १४ चा बाउल, खोली ८ इंच.

दुकानात आकार विचाराल तेव्हा एक प्रश्न हमखास विचारा, काठासकट की आतला? स्टिकरवर बहुतेक वेळा काठासकटचा आकार असतो आणि आपण मनात बाउल धरून बसतो. मी टेप घेऊनच गेलो होतो, म्हणून वाचलो.

त्याआधी घरी पुठ्ठ्याचं सिंक करून खणावर ठेवलं आणि आपली साडेपंधरा इंची परात त्यात घालून बघत होतो. आडवी बसेना, एका बाजूनं उचलली जायची. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, परात सिंकात आडवी घालून कोण धुतं? उभी धरतात आणि फिरवतात. कुकर ठेवून बघ." पाच लिटरचा कुकर दांड्यासकट कोनात ठेवला, आरामात बसला. १६ बाय १४ चा कर्ण २१ इंचांच्या वर जातो, हे शाळेतलं गणित मला सुचलं नव्हतं. परात बाद. कढई, कुकर आणि चार ताटं एकदम राहतात का, हीच खरी परीक्षा.

खोलीवरही बरंच डोकं खाल्लं. सगळे १० इंची घ्या म्हणतात, पाणी उडत नाही. पण आमचं भिंतीतलं सांडपाण्याचं तोंड जमिनीपासून १६ इंचांवर आहे. ओटा ३२ इंच. त्यातून १० इंच बाउल गेला, कपलिंग (सिंकच्या भोकाला बसतो तो जोड) आणि बॉटल ट्रॅप (गटाराचा वास अडवणारी, पाणी धरून ठेवणारी बाटली) यांचे, ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंतचे, सव्वासहा गेले, उरले पावणेसोळा. म्हणजे पाण्याला पाव इंच चढावं लागणार! ८ इंचीत पावणेदोन इंच उतार मिळतो. भिंत फोडून तोंड खाली घेता आलं असतं, पण खालच्या मजल्यावरच्या काकूंशी माझे संबंध चांगले आहेत आणि ते तसेच राहू द्यायचेत. पाणी उडू नये म्हणून नळाच्या तोंडाला धार मऊ करणारी जाळी, म्हणजे दुकानातला 'फोम', लावला.

खरेदी शनिवारी, मशीद बंदरला उतरून नागदेवीच्या बाजूला. तिथे एकानं चुंबक लावून दाखवलं, "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४." मंडळी, याला भुलू नका. ३०४ हा स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड, २०२ हलका, आणि २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट खऱ्या ३०४ चं सिंक दाबून खोल केलेलं असेल तर कोपऱ्यांत चुंबक किंचित धरतं. फरक मिश्रणात आहे. ३०४ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं, म्हणून स्वस्त. मुंबईच्या खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी ठिपके लवकर उठतात. पुढच्या दुकानात टेस्टिंगच्या थेंबाची बाटली आणि छोटी बॅटरी होती. दोन सिंकांच्या पाठीला एकेक थेंब लावला, एकाचा लालसर झाला, दुसऱ्याचा नाही. लालसर झालं ते मँगनीजवालं. दुसरं घेतलं.

पत्र्याची जाडी मोजायला व्हर्नियर नेला होता. एका ठिकाणी १ मिमी म्हणून सांगितलेला पत्रा काठावर ०.८ निघाला. मी काही बोललो नाही, व्हर्नियर खिशात टाकला आणि निघालो. दाबून केलेल्या सिंकचा पत्रा कोपऱ्यांत आणि तळाला ताणून आणखी पातळ होतो, म्हणजे काठावर ०.८ तर तळाला त्याहून कमीच. पाठीला रबराचा पॅड असेल तर भांड्यांचा आवाजही कमी येतो.

येताना लगेजच्या डब्यात उभं धरून करी रोडपर्यंत. एका माणसानं टोपलं टेकवायला त्यात जागा मागितली, दिली.

ग्रॅनाइट कापायला कडिया बोलावला, ते काम माझं नाही. कोपऱ्यांत आधी गोल भोकं पाडून मग सरळ कापायला लावलं. टोकदार कोपरा ठेवला की दगड तिथूनच तडकतो. ओटा २२ इंच खोल, म्हणून पुढे-मागे तीन-तीन इंच दगड शिल्लक.

एवढं सगळं मोजूनही ओव्हरफ्लो विसरलो, म्हणजे सिंक भरून वाहू नये म्हणून काठाखाली असतं ते जास्तीच्या पाण्याचं भोक. सिंक आत उतरवलं आणि अर्ध्यावर अडकलं. बाउलच्या उजव्या अंगाला ओव्हरफ्लोचं नाक पाऊण इंचाहून थोडं पुढे आलेलं, आणि माझ्याकडे दोन्ही बाजूंना मोकळी जागा साडेसात-साडेसात मिमी! पुठ्ठ्याच्या सिंकला नाक नव्हतं. शेवटी जिगसॉनं (हातातल्या विजेच्या करवतीनं) बाजूच्या प्लायमध्ये तीन इंच बाय दोन इंचांची खाच पाडली. नाक त्यात बसलं, कापलेल्या कडेला फेविकॉलचे दोन हात आणि वर सिलिकॉन. बाजूच्या क्लिपांना जागाच नाही, म्हणून पुढे-मागे दोन-दोन क्लिप आणि काठाखाली सलग सिलिकॉनची रेघ. २४ तास हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं, आईनं अठराव्या तासाला चहाचे कप ठेवले.

आज बाउल ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरला आणि एकदम सोडला. ट्रॅप कोरडा, पण कपलिंगच्या नटापाशी दर मिनिटाला एक थेंब. उघडून बघितलं तर वॉशर उलटा, निमुळती बाजू खाली. सरळ करून हातानंच आवळलं, पाना लावला की प्लास्टिकचे आटे जातात. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलंय. सकाळी पाणी आलं की कळेल.