स्टॉक (कंपनीतून आलेल्या) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर रीमॅप: माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या टपरीवर रीमॅपचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवण्याचा, विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "ऑटोमॅटिक हाय नव्हं? मग इंजिनला हात लावू नका." बोलणारे सगळे लेथ, ग्राइंडिंग, फाउंड्रीतले, लोखंडाशी रोजचा संबंध असलेले. तरी ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, हे त्यांनी धरूनच चाललेलं. कंपन्यांचे आकडे मात्र वेगळंच सांगतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० डिझेलमध्ये मॅन्युअलच्या जोडीला ४२० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो, ऑटोमॅटिकच्या जोडीला ४५०. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेलमध्ये ३७० आणि ४००. थार पेट्रोलमध्ये ३०० आणि ३२०. तिन्ही गाड्यांत इंजिन तेच, आणि जास्तीचा टॉर्क ऑटोमॅटिकच्या वाट्याला.

म्हणजे ऑटोमॅटिक झेपवू शकतो की नाही, हा प्रश्नच अर्धा आहे. कोणता गिअरबॉक्स, त्याच्यावर आधीच किती भार आहे, आणि वाढवलेला भार त्याला कळतोय का, हे तीन मिळून प्रश्न पुरा होतो. मला त्यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलच कुणी बोलत नाही.

माझी गाडी स्कोडा स्लाव्हिया, एक लिटरचं टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. ११५ पीएस (म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर) आणि १७८ न्यूटन मीटर. बेळगावात फिरायला उदंड. पण धंद्याच्या कामानं मला सारखं गोव्याला जावं लागतं, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या वाटेनं. जाताना उतार, त्यामुळे त्रास नाही. येताना केरीपासून वर चढायला लागलं की एकामागं एक ट्रक. ओव्हरटेकला जागा मिळते ती दोन वळणांच्या मध्ये, आणि तेवढ्यात गाडी पुढं निघाली पाहिजे. भरलेल्या गाडीला एसी चालू असताना तिथं दम लागायचा. वॉरंटी संपली होती, म्हणून रीमॅपचा विषय डोक्यात घेतला. वॉरंटी असती तर घेतला नसता. कंपनीच्या स्कॅनरला इंजिनची फाइल बदललेली ओळखता येते.

पहिला फोन आला तो ट्यूनिंगचा डबा विकणाऱ्याचा. सेन्सरच्या वायरमध्ये जोडायचा, दहा मिनिटांत काम, सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवायचा. स्वस्तही. मी हायड्रॉलिकचा माणूस, तेलाच्या दाबावर चालणारे पॉवरपॅक आणि सिलिंडर बनवतो. त्यामुळे डबा काय करतो हे ऐकल्यावर मला पुढचं ऐकायची गरज राहिली नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असतात आणि त्यांना धरणारे-सोडणारे क्लचपॅक, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांचे संच. तो क्लचपॅक किती टॉर्क धरेल, हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षण, प्लेटांच्या घासणाऱ्या बाजू किती, त्यांची त्रिज्या किती, आणि पिस्टनवर तेलाचा दाब किती. पहिल्या तीन गोष्टी कारखान्यातच ठरून आलेल्या. रस्त्यावर बदलता येतो तो एकटा दाब. आणि हा दाब गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर मनानं ठरवत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर त्याला दर क्षणी सांगत असतो की आता माझ्याकडून अमुक टॉर्क येतोय, त्या हिशोबानं तो सोलेनॉइडला (तेलाचा दाब कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) हुकूम सोडतो. कायम पूर्ण दाब का ठेवत नाही? ठेवला तर प्रत्येक गिअरला धक्का बसेल आणि पंप फुकट ताकद खाईल. म्हणून लागेल तेवढा, वर थोडा राखीव.

आता तो डबा काय करतो? टर्बोचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो. बिचारा कॉम्प्युटर दाब वाढवतो. प्रत्यक्षात टॉर्क २२० झालेला असतो, पण त्याच्या हिशोबात १८०च. तोच १८० गिअरबॉक्सला कळवला जातो, गिअरबॉक्स १८० पुरता क्लच दाबतो, आणि २२० येऊन आदळतात. राखीव दाबात काही काळ निभावतं. मग गिअर बदलताना प्लेट सरकायला लागते, सरकली की तापते, तापली की तेल करपतं. लोक म्हणतात, ऑटोमॅटिकनं दगा दिला. त्याला खरं कुणी सांगितलंच नव्हतं.

रीमॅपमध्ये फाइलच बदलतात, त्यामुळे हे टाळता येतं. आपोआप टळत नाही, हेही लगेच सांगतो. काही ट्यूनर गिअरबॉक्सच्या टॉर्कच्या मर्यादा आड येऊ नयेत म्हणून फाइलमधला टॉर्कचा हिशोबच खाली दाखवतात; तो डब्याचाच प्रकार, फक्त वायर दिसत नाही. शिवाय गिअर बदलताना गिअरबॉक्स इंजिनला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो आणि इंजिन इग्निशन मागं घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा टाकून, तो कमी करतं. ही देवाणघेवाण फाइलमध्ये बिघडली, तर गिअरबॉक्स कितीही दणकट असो, क्लचवर ताण येणारच. म्हणून प्रत्येक ट्यूनरला मी एकच प्रश्न आधी विचारला: वाढलेला टॉर्क गिअरबॉक्सला खरा कळणार का? दोघांनी "काही होत नाही, बिनधास्त रहा" म्हटलं. पुण्यातल्या एकानं उलट मलाच विचारलं, तुमच्या गिअरबॉक्सचा मॉडेल नंबर काय? त्याच्याकडं जायचं ठरवलं.

नंबर मी आधीच काढला होता. जपानच्या आयसिनचा सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा), फोक्सवॅगनच्या यादीत एक्यू२५०. याच कुळातला गिअरबॉक्स अमेरिकेत १.८ लिटर टर्बो पेट्रोलच्या पसाटला लावलेला होता आणि त्या इंजिनचा टॉर्क २५० न्यूटन मीटर. माझ्या १७८ च्या इंजिनाला म्हणून बरीच जागा शिल्लक. पण सगळी जागा वापरायची नाही, हे मी कागदावर लिहून ठेवलं. एकाच नावाच्या गिअरबॉक्समध्ये गाडीगणिक प्लेटांची संख्या आणि दाबाची मांडणी बदलू शकते. छोट्या इंजिनामागं लावलेल्यात कंपनी हात राखून प्लेटा घालू शकते, असं आमच्या धंद्यातही चालतंच.

रीमॅपच्या आधी दोन कामं केली. पहिलं, गिअरबॉक्सचं तेल. आयुष्यभराचं तेल म्हणून सांगतात. कुणाच्या आयुष्यभराचं ते सांगत नाहीत. ड्रेन केलं तर निम्मंच निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे थोडं चालवून पुन्हा बदललं. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानात असताना, ओव्हरफ्लो प्लगमधून. डिपस्टिक नाही. आमच्या मिस्त्रीला हे नवं होतं, पण स्कॅनरवर तापमान बघत त्यानं नीट जमवलं.

दुसरं काम म्हणजे आधीची नोंद. स्कॅनरनं तीन आकडे लॉग केले: इंजिनचे आरपीएम (मिनिटाचे फेरे), कन्व्हर्टरमधल्या गिअरबॉक्सकडच्या चक्राचे म्हणजे टर्बाइनचे आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू घट्ट जोडणारा लॉकअप क्लच पूर्ण लागलेला असताना पहिले दोन जुळले पाहिजेत. जास्त टॉर्कखाली त्यांच्यात फरक पडायला लागला, तर क्लच सरकतोय. ही नोंद आधी नसेल तर नंतर कुणाशी वाद घालणार?

या नोंदीतच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मला वाटलं होतं, घाटात जोरात ओव्हरटेक करताना तेल तापत असणार. तसं नाही. ओव्हरटेकला तापमान जेमतेम हलत होतं. चढत होतं ते ट्रकच्या मागं रांगत असताना, हेअरपिनवर, पंधरा-वीसच्या वेगात. कारण तेव्हा लॉकअप सुटलेला असतो, सगळी ताकद तेलातून जाते आणि आरपीएमचा फरक उष्णतेत जातो. नव्वदच्या आसपास असणारं तेल तिथं एकशे दहाकडं सरकलं. लीव्हर मॅन्युअलला घेऊन खालचा गिअर धरला आणि ट्रकला थोडं पुढं जाऊ दिलं की पुन्हा खाली. म्हणजे चोर्ल्यात गिअरबॉक्स जपायचा असेल तर इंजिनच्या ताकदीपेक्षा ट्रकमागं कसं चालवता हे महत्त्वाचं. हे ज्ञान मला रीमॅप न करताही उपयोगी पडलं असतं.

पुण्याला गेलो. बेळगावचा केए-२२ नंबर बघून गेटवरच्या माणसानं हिंदीत सुरुवात केली, मी मराठीत उत्तर दिलं, त्यानं पुन्हा हिंदीतच पुढं चालवलं. आपल्याला सवय आहे.

ट्यूनरची नेहमीची फाइल १४० पीएसच्या पुढची आणि २३०-२४० न्यूटन मीटरची होती. मी म्हटलं, मला २१५ च्या वर नको, आणि दोन हजार आरपीएमच्या खाली कंपनीचंच राहू दे. त्याला ते आवडलं नाही. "सर, मजा तर खालच्या टॉर्कमध्येच असते." खरं आहे. पण उभ्या गाडीतून निघताना कन्व्हर्टर स्वतःच टॉर्क वाढवतो, जवळपास दुप्पटही होतो. खालच्या आरपीएमला इंजिननं वीस वाढवले तर गिअरच्या दांत्यांपर्यंत त्याचे चाळीस पोचतात. शिवाय थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात खालच्या आरपीएमला जादा दाब दिला की मिश्रण वेळेआधी पेटायचा धोका असतो, आणि त्यात पिस्टनच जातो. दोन्ही कारणं मी सांगितली. अर्धा तास घासाघीस झाली, मग तो बसला फाइल बदलायला.

त्यात एक साधा हिशोब आहे. पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७०२३. कंपनीचे १७८ साडेचार हजारला धरले की ११४ येतात. २१५ तिथंच धरले की १३८ च्या जवळ. म्हणजे टॉर्कचं शिखर उंच करण्यापेक्षा तो वरपर्यंत टिकवला तर ओव्हरटेकला हवी ती ताकद मिळते आणि क्लचवर येणारा सगळ्यात मोठा भार आटोक्यात राहतो.

बाकीचं पटकन झालं. बॅटरीला चार्जर लावून मूळ फाइल काढून घेतली, एक प्रत मीही मागून घेतली, नवी चढवली, डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) चौथ्या गिअरमध्ये गाडी पळवून झाली. गिअरबॉक्सनं जुन्या टॉर्कवर जे शिकून ठेवलं होतं ते पुसून पुन्हा शिकायला दिलं. परतताना कोल्हापूरपर्यंत गिअर जरा अडखळत पडत होते, निपाणीपुढं तवंदीचा घाट चढेपर्यंत बसले.

त्यानंतर चोर्ल्यात तीच नोंद पुन्हा घेतली. लॉकअप लागलेला असताना दोन्ही आरपीएम जुळलेले, तापमान आधीसारखंच, तेही ट्रकमागंच चढणारं. ओव्हरटेक मात्र मोकळा झालाय. तिसऱ्यात पाय दाबला की गाडी थांबून विचार करत नाही. पेट्रोल आता ९५ ऑक्टेनचंच भरतो, तो खर्च वाढला.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या १८२ए(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्यात बदल कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. मी लेखी कळवलं. उत्तरात "आपली विनंती नोंदवली आहे" एवढंच आलं, पण तो कागद जपून ठेवलाय. हे सगळं डोक्याला नको असेल त्यानं गाडी आहे तशी चालवावी, मी आग्रह करणार नाही.

माझा निकाल बघून वडगावचा भाचा आला. त्याची गाडी त्याच घराण्यातली पण दीड लिटरची, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर, सात गिअरचा डीएसजी. "मामा, तुमच्या बारक्या इंजिनात एवढं निघालं तर माझ्यात किती निघंल?" मी त्याला उलटं सांगितलं. त्याचा डीएसजी, फोक्सवॅगनच्या यादीत डीक्यू२००, हा कोरड्या दुहेरी क्लचचा; तेलात नसल्यामुळे क्लचची उष्णता हवेनंच जायची, आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर. त्याचं इंजिन कंपनीतूनच त्या रेषेवर उभं आहे. मोठ्या इंजिनाला जागा कमी आणि छोट्याला जास्त, हे त्याला पटायला वेळ लागला. "तुम्ही लई विचार करायलासा, मामा," म्हणाला. त्याला ट्यूनरनं तीनशेच्या वरचा आकडा दिला होता.

मी त्याला तोच हिशोब करून दिला. टॉर्क २५० लाच बांध, फक्त तो पाच हजार आरपीएमपर्यंत टिकव. १७८ पीएस होतात. कोरड्या क्लचला आहे त्यापेक्षा जास्त टॉर्क धरावा लागत नाही, आणि हायवेला फरक कळतो. कागद घेऊन तो त्याच्या ट्यूनरकडं गेला. ट्यूनर अजून होय म्हणालेला नाही. त्याचं म्हणणं, अशी फाइल बनवायला दुप्पट वेळ जातो आणि ती कुणी मागतच नाही.