तुम्ही विचारलंत म्हणून: लिस्बनमधलं एकच चर्च

लिस्बनला निघालेलं कुणी भेटलं की मला हमखास विचारतं, "एकाच चर्चपुरता वेळ आहे, कुठलं बघू?" बहुतेकांनी बेलेमच्या जेरोनिमुश मठाचं नाव मनाशी धरलेलं असतं. मी सांगते, सांव दोमिंगुश बघा.

जेरोनिमुश देखणा आहे, यात वादच नाही. पोर्तुगालच्या मनुएल राजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधायला घेतला आणि मिरी-मसाल्याच्या व्यापारावरच्या कराचा पैसा त्यात ओतला. दगडात जहाजांचे दोरखंड कोरलेत, आत वास्को द गामाची कबर आहे. फोटो उत्तम येतात.

सांव दोमिंगुश रॉसियू चौकाला लागूनच आहे. बाहेरून इतकं साधं की लोक पुढे निघून जातात. आत गेलात की आधी खांबांकडे बघा. आगीने दगडाचे पापुद्रे सुटलेत, कडा ढासळल्यात, काही ठिकाणी मूठ मावेल एवढे खळगे पडलेत. तेराव्या शतकातलं हे डोमिनिकनांचं, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक साधुपंथाचं, चर्च १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. तो दिवस १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, त्यामुळे सकाळी शहरभरची चर्च भरलेली होती. ते पुन्हा उभं राहिलं आणि १९५९ मध्ये आगीत जळालं. १९९४ मध्ये दारं उघडली तेव्हा छत नवं होतं, केशरी गुलाबी रंगाचं. खांब मात्र भाजलेले तसेच ठेवले. असा निर्णय घेणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

अजून एक जखम आहे, ती दगडावर दिसत नाही. एप्रिल १५०६. दुष्काळ आणि प्लेगने लोक हैराण. इथे प्रार्थना चालू असताना क्रूसावर उजेड दिसला आणि चमत्कार झाल्याची हाकाटी उठली. एक 'नवा ख्रिस्ती' म्हणाला, मेणबत्तीचा प्रकाश असेल. नवा ख्रिस्ती म्हणजे ज्याच्यावर किंवा ज्याच्या घराण्यावर बाप्तिस्मा लादला होता असा ज्यू. ती सक्ती १४९७ मध्ये याच मनुएल राजाने केली होती. जमावाने त्या मेणबत्ती म्हणणाऱ्याला तिथेच मारलं. डोमिनिकन साधूंनी लोकांना आणखी भडकवलं आणि तीन दिवस शहरात कत्तल चालली. हजाराहून अधिक माणसं गेली. चर्चसमोरच्या चौकात आता त्यांचं स्मारक आहे, दगडात कोरलेला दाविदाचा तारा, ज्यूंचं चिन्ह. आधी तिथे थांबा, मग आत जा.

मी वसईची. किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये, जमिनीतल्या कबरींच्या दगडांवरची पोर्तुगीज अक्षरं बोटाने गिरवत मोठी झाले. म्हणून लिस्बनचा कार्मो मठही मला जवळचा वाटतो. भूकंपात त्याचं छप्पर गेलं, कमानी आजही उघड्या आभाळाखाली आहेत. पण तिथे आता संग्रहालय आहे. सांव दोमिंगुशमध्ये अजून मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, होते.

गेल्या खेपेला मी मागच्या बाकावर बसले होते. बाजाराची पिशवी घेऊन एक आजी आल्या, मेणबत्ती लावली आणि जाताना एका भाजक्या खांबावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.